कोर किती ते सोडा, शेजारी किती लांब ते बघा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे तो इथूनच सुटला. सेल्युलर ऑटोमाटाचं (चौकटींची जाळी, जिच्यात प्रत्येक चौकट शेजाऱ्यांकडं बघून बदलते) मॉडेल पळवायचं असेल तर मशीनमधे कोर, म्हणजे हिशोब करणारे भाग, किती हे विचारू नका, शेजारच्या चौकटीची माहिती त्या कोरपर्यंत किती लांबून येते ते विचारा. ग्राफिक कार्ड बघताना कोरचा आकडा आधी डोळ्यात भरतो आणि मेमरी बँडविड्थ, म्हणजे मेमरीतनं सेकंदाला किती डेटा ये-जा करू शकतो ते, मागं राहते, आणि आपल्या कामाचा आकडा नेमका तो मागचाच असतो.

विषय निघाला चुलतभावामुळं. तो परभणीला कृषी विद्यापीठात एमएस्सी करतोय आणि त्याच्या डोक्यात बसलं की गुलाबी बोंडअळी एका शेतातनं दुसऱ्या शेतात कशी सरकते त्याचं मॉडेल करायचं. २०१७ च्या खरिपात बोंडअळीनं कापसाचं काय केलं ते आमच्याकडं कुणाला नव्यानं सांगायची गरज नाही, वरून बोंड चांगलं दिसायचं आणि फोडलं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली, वेचणीची मजुरी सुद्धा निघाली नाही असे कितीतरी जण. तर घरात कॉम्प्युटरवाला मीच, म्हणून फोन मला. "दादा, तुमच्याकडं ते गेमचं कार्ड हाय ना, त्याच्यावर पळल का हे?" पळल की म्हणलो, पण काय पळवायचं ते तर आधी ठरू दे.

ज्यांनी हे कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौकटींची एक मोठी जाळी घ्यायची, प्रत्येक चौकटीला एक अवस्था, आणि एक नियम, की स्वतःची अवस्था आणि आजूबाजूच्या आठ चौकटींची अवस्था बघून पुढच्या स्टेपला आपण काय व्हायचं. सगळ्या चौकटी एकदमच बदलतात. बस एवढंच. १९४० च्या दशकात लॉस अलामोसच्या उलाम या गणितज्ञानं फॉन नॉयमन या दुसऱ्या गणितज्ञाला हे जाळीचं सुचवलं, त्यानं २९ अवस्थांचा स्वतःची कॉपी करणारा ऑटोमाटन कागदावर मांडला, आणि १९७० मधे कॉनवेचा लाईफ गेम मासिकात आला तेव्हापासून जगभरातल्या रिकामटेकड्यांना (मी धरून) कायमचा उद्योग मिळाला.

आमचं मॉडेल चार अवस्थांचं. चौकटीत कापूसच नाही, कापूस आहे आणि स्वच्छ आहे, अळी लागलीय, फवारणी झालीय. चौकट १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, हे आम्ही मुद्दाम धरलं कारण भाऊ पुढं हे शेतकऱ्यांना दाखवणार आणि गुंठा सगळ्यांना कळतो, हेक्टर म्हणलं की लोक मनातल्या मनात अडीचनं गुणत बसतात. जाळी ४०९६ बाय ४०९६. म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ गुंठे, चाळीसनं भागलं तर ४ लाख १९ हजार एकर, एका बाजूला ४१ किलोमीटर. एखादा मोठा तालुका सहज बसतो. हे खेळण्यातलं मॉडेल आहे बरं का, याच्यावरनं कुणी फवारणीचं वेळापत्रक ठरवू नये.

आता हिशोब बघा. एका गुंठ्याला एक बाईट दिला तर एक जाळी जवळजवळ पावणेसतरा एमबी. सगळ्या चौकटी एकदम बदलायच्या असल्यानं जुनी जाळी वाचायची आणि नवी वेगळीकडं लिहायची, त्याच जाळीवर लिहीत गेलात तर खालच्या ओळीला वरच्या ओळीची नवी अवस्था दिसते आणि अळी एका स्टेपमधे अख्खा तालुका पार करून जाते. तर एका स्टेपला वाचायला पावणेसतरा आणि लिहायला पावणेसतरा, साधारण साडेतेहतीस एमबी ये-जा. लॅपटॉपच्या मेमरीची बँडविड्थ सेकंदाला ४० जीबी धरली तर कितीही भारी कोड लिहा, सेकंदाला बाराशे स्टेपच्या वर जाणं नाही, आणि ही झाली कमाल मर्यादा, खऱ्या कोडला यातलं निम्मं मिळालं तरी खूप. सेकंदाला २०० जीबी देणारं कार्ड असेल तर सहा हजाराच्या आत. आणि या सगळ्या हिशोबात कोर किती हा प्रश्न कुठंच आला नाही बघा. आठ शेजारी मोजायचे आणि एक तुलना करायची, याला कितीसं डोकं लागतं? कोर बिचारे रिकामे बसलेले असतात, डेटा येईना म्हणून.

(याला लोक फॉन नॉयमन बॉटलनेक म्हणतात, प्रोसेसर एकीकडं मेमरी दुसरीकडं आणि मधे एकच अरुंद वाट. १९७७ च्या ट्युरिंग लेक्चरमधे बॅकस या कॉम्प्युटरवाल्यानं हे नाव लावलं. आणि त्या वाटेतनं सुटायचा एक उपाय म्हणून ज्या सेल्युलर ऑटोमाटाकडं बोट दाखवतात ते पण त्याच बाबाचं. दोन्हीकडं तोच.)

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेलं मशीन म्हणजे खास सेल्युलर ऑटोमाटासाठी केलेलं कॅम-६. एमआयटीमधे टोफोली आणि मार्गोलस या दोघांनी ८० च्या दशकात बनवलं, साध्या आयबीएम पीसीच्या स्लॉटमधे बसणारा बोर्ड. २५६ बाय २५६ ची जाळी, प्रत्येक चौकटीला चार बिट म्हणजे सोळा अवस्था, आणि सेकंदाला ६० स्टेप. गुणाकार करा, सेकंदाला ३९ लाख चौकटी, त्या काळच्या पीसीला सॉफ्टवेअरनं हे स्वप्नात पण जमलं नसतं. आता ऐकणाऱ्याला वाटतं की आत ६५ हजार छोटे प्रोसेसर असतील. अजिबात नाही! आत जवळपास काहीच नाही. जाळी मेमरीत पडलेली, आणि टीव्हीच्या पडद्यावर जशी ओळ डावीकडनं उजवीकडं आणि वरनं खाली उमटत जाते त्याच वेगानं चौकटी मेमरीतनं ओळीनं बाहेर पडतात, त्यांना थोडा उशीर लावून वरची ओळ, मधली ओळ आणि खालची ओळ एकाच वेळी समोर आणतात, त्या सगळ्या बिटांचा मिळून एक पत्ता होतो, त्या पत्त्यावर एका टेबलात उत्तर आधीच लिहून ठेवलेलं. नियम काय आहे याचं गणित मशीन करतच नाही, नुसतं टेबलात बघतं. नियम बदलायचा तर टेबल बदला, फोर्थ भाषेत लिहायचं ते. आणि साठचा आकडा पण उगाच नाही, पडद्याचा वेग तोच, म्हणजे स्टेप आणि चित्र एकाच प्रवासात.

म्हणजे पॅरलल म्हणून ज्याचं नाव घेतात त्या मशीनमधे प्रोसेसरांची फौज नव्हतीच, डेटा वाहता ठेवायची शिस्त होती. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा थोडा वेळ गप्पच बसलो, कारण आपण कॉलेजात पॅरलल म्हणजे भरपूर कोर एवढंच शिकलेलो.

पुढं मार्गोलसनं कॅम-८ केलं, ९० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यात अजून एक गंमत. लॅटिस गॅस नावाची मॉडेलं असतात, त्यात चौकटीतनं कण सरकतात आणि एकमेकांना धडकतात, द्रवपदार्थाचा प्रवाह असा काढता येतो (१९७३ चं चौकोनी जाळीचं एचपीपी, १९८६ चं षटकोनी जाळीचं एफएचपी, आणि चौकोनी जाळीत प्रवाहाला दिशांचा भेदभाव होतो म्हणून षटकोनी आणावी लागली). तर कण सरकवायचे म्हणजे लाखो बिट उचलून शेजारी ठेवायचे ना? कॅम-८ नं बिट हलवलेच नाहीत, मेमरी वाचायला कुठनं सुरुवात करायची तो आकडा फक्त बदलला. अख्खी जाळी एका बेरजेत सरकली. आठ मॉड्यूलचं मशीन सेकंदाला २० कोटी चौकटी करायचं, साध्या स्वस्त डीरॅम चिपांवर. मला विचाराल तर या अख्ख्या विषयातली सगळ्यात हुशार युक्ती हीच.

उलट टोकाला कनेक्शन मशीन. थिंकिंग मशीन्स कंपनी, १९८५, ६५,५३६ प्रोसेसर आणि प्रत्येक प्रोसेसर फक्त एका बिटाचा, एका चिपवर सोळा, अशा ४०९६ चिपा. काळा मोठा ठोकळा आणि त्यावर लाल दिवे. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन तिथं १९८३ च्या उन्हाळ्यात काम करायला गेला होता, राऊटरचं (प्रोसेसरांचे निरोप एकमेकांना पोचवणारा भाग) गणित त्यानं केलं हा किस्सा बहुतेकांना माहिती असतो. पण आपल्या कामाची गोष्ट राऊटर नाही, त्याच्या बाजूला एक साधी जाळी होती, प्रत्येक प्रोसेसर उत्तर-पूर्व-पश्चिम-दक्षिण अशा चार शेजाऱ्यांना थेट जोडलेला. कुणालाही कुणाशीही बोलता यावं म्हणून हायपरक्यूब नावाची एवढी भारी जोडणी बांधली, आणि सेल्युलर ऑटोमाटाला लागत होता तो फक्त शेजारी. कंपनी १९९४ मधे बुडाली. कनेक्शन मशीनच्या आधीचं नासासाठीचं गुडइयरचं १२८ बाय १२८ चं एमपीपी, लंडनचं ९६ बाय ९६ चं क्लिप-४, सगळे त्याच वंशातले, एक आज्ञा आणि सगळ्यांनी ती एकदम पाळायची.

आपल्याकडं पण एक धागा आहे याचा. पुण्याच्या सीडॅकनं १९९१ मधे परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर काढला तो ट्रान्सप्युटर नावाच्या, एकमेकींना थेट जोडता येणाऱ्या प्रोसेसर चिपांवर होता, आणि इनमॉसच्या त्या टी-८०० ट्रान्सप्युटरला प्रत्येकी चार लिंक असायच्या. चार लिंक म्हणजे चार शेजारी, जाळीचं काम असेल तर बाहेरनं वेगळा स्विच सुद्धा नको, चिपा एकमेकीला जोडत जायच्या. हवामानाच्या मॉडेलला पण हेच लागतं, जाळी आणि शेजारी. परमच्या गोष्टी सांगताना अमेरिकेनं क्रे सुपरकॉम्प्युटर दिला नाही इथंच सगळ्यांची गाडी थांबते, त्या चार लिंकांबद्दल कुणी बोलत नाही, मला ते जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

बरं, आमच्या कापसाकडं येतो.

पहिलं व्हर्जन मी साध्या सीपीयूवरच केलं आणि तिथंच एवढं मिळालं की भावाला कार्डाची गरज उरली नाही, पण तो ऐकेना. युक्ती जुनीच, चार अवस्थांना दोन बिट पुरतात, मग एक बाईट कशाला? जाळी पावणेसतरा एमबीची साधारण ४ एमबी झाली, जुनी-नवी मिळून ८, आणि बऱ्याच नव्या प्रोसेसरच्या मोठ्या कॅशमधे (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी) हे मावतं, म्हणजे बाहेरच्या मेमरीकडं जायचं कामच नाही. शिवाय बिट वेगवेगळ्या थरांत ठेवले (सगळ्या गुंठ्यांचा पहिला बिट एका थरात, दुसरा दुसऱ्यात) की ६४ बिटांच्या एका शब्दात, म्हणजे प्रोसेसर एकदम उचलतो त्या तुकड्यात, ६४ गुंठे बसतात, एका इन्स्ट्रक्शनला एक एकर चोवीस गुंठे. प्रोसेसरमधे एव्हीएक्स-५१२ ही सोय असेल तर एकदम ५१२ बिट, बारा एकर बत्तीस गुंठे एका दमात. शेजारी मोजायचं काम पण अँड-ऑर-एक्सॉर या बिटांवरच्या साध्या क्रियांनी बेरीज करून होतं. भावाला सातबारा वाचता येतो पण बिट वाचता येत नाहीत, त्याला हे असं सांगितल्यावर लगेच समजलं, म्हणला, "म्हणजे एका फटक्यात एका माणसाची जमीन."

कार्डावर गेलो तेव्हा खरा विषय टाईलचा, म्हणजे जाळीचे तुकडे कसे पाडायचे त्याचा. जीपीयूमधे (कार्डावरचा प्रोसेसर) थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी छोटी कामं, ३२-३२ च्या टोळीनं चालतात आणि प्रत्येक ब्लॉकजवळ एक छोटी, फार वेगवान मेमरी असते. ३२ बाय ३२ चा तुकडा तिथं आणायचा तर कडेच्या गुंठ्यांना बाहेरचे शेजारी लागतात म्हणून आणावे लागतात ३४ बाय ३४, म्हणजे १०२४ च्या कामासाठी ११५६ ची वाहतूक, १३ टक्के जास्त. हे कुठल्याही ट्युटोरियलमधे आहे. पण थोडं पुढं जा. कडेला एकऐवजी चार ओळी जास्तीच्या आणल्या तर ४० बाय ४० झाले, १६०० गुंठे, आणि आता बाहेर न जाता आतल्या आतच चार स्टेप होतात, दर स्टेपला एक कड गळत जाते, शेवटी मधला ३२ बाय ३२ चोख उरतो. चार स्टेपला १६०० म्हणजे स्टेपला ४००, कुठं ११५६ आणि कुठं ४००! कडेचे गुंठे दोन-दोन ब्लॉक पुन्हा पुन्हा मोजतात, काम वाया जातं, जाऊ द्या, काम स्वस्त आहे. महाग आहे ती वाहतूक. माणसाला हे पटायला वेळ लागतो, जास्त काम करून लवकर कसं होईल, पण होतं.

आणि मग एफपीजीए, म्हणजे जिच्या आतली जोडणी आपल्याला हवी तशी करता येते अशी चिप. इथं मात्र कॅम-६ चाच आत्मा आहे असं मला वाटतं. ३ बाय ३ ची खिडकी बनवायला मागच्या दोन ओळी लक्षात ठेवाव्या लागतात, ४०९६ गुंठे गुणिले दोन बिट गुणिले दोन ओळी, १६ हजार बिट फक्त, झायलिंक्स कंपनीच्या सेव्हन सिरीज एफपीजीएमधे एकेक ब्लॉक रॅम (चिपच्या आतली छोटी मेमरी) ३६ हजार बिटांची असते, अर्ध्यात काम झालं. चौकटी एका टोकानं आत, दुसऱ्या टोकानं एक स्टेप पुढं गेलेल्या बाहेर. आणि ज्या बाहेर पडल्या त्या मेमरीत परत न पाठवता लगेच पुढच्या तशाच टप्प्यात घालायच्या, त्याच्या पुढं अजून एक. स्लॅब टाकताना घमेलं खालून वर हातोहात जातं ना, कुणी आपली जागा सोडत नाही आणि घमेलं कुठं खाली टेकत नाही, तसं. ५० टप्पे लावले तर जाळी एकदा आत गेली की ५० स्टेप होऊन बाहेर येते.

याचा हिशोब लई भारी आहे म्हणून देतो. घड्याळ १०० मेगाहर्ट्झ, दर ठोक्याला एक गुंठा, तर अख्खी जाळी सेकंदाला सहा वेळा आतनं जाते, गुणिले ५० टप्पे, सेकंदाला जवळजवळ ३०० स्टेप. कार्डाच्या मानानं कमीच. पण मेमरीवर भार किती? सेकंदाला २५ एमबी वाचायचे आणि २५ एमबी लिहायचे. जीबी नाही, एमबी! साधं पेनड्राईव्ह सुद्धा याच्या आसपास देतं. दर ठोक्याला एकऐवजी आठ गुंठे घेतले तरी ४०० एमबीच, आणि वेग आठपट, अर्थात चिप तेवढी मोठी पाहिजे. आणि असला बोर्ड थोड्या वॅटवर चालतो, आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली की कार्डवाला पीसी इन्व्हर्टरला झेपत नाही, ओरडायला लागतो तो, ही काय आर्किटेक्चरची चर्चा नाही म्हणा, पण परभणीत बसून हार्डवेअर निवडायचं तर हा पण एक आकडाच आहे.

एक भाग कुणी नीट सांगत नाही तो म्हणजे रँडम नंबर. अळी शेजारच्या गुंठ्यात जाईलच असं नाही, काही शक्यतेनं जाते, म्हणजे दर स्टेपला जवळजवळ पावणेदोन कोटी नाणी उडवायची. नियमापेक्षा नाणं महाग पडतं. बिटांच्या थरात काम करत असाल तर चार रँडम शब्द घेऊन अँड-ऑरनं जोडले की सोळाव्या भागाच्या पटीतली कुठलीही शक्यता मिळते, ६४ गुंठ्यांना एकदम. जीपीयूवर फिलॉक्ससारखे काउंटरवाले जनरेटर बरे, गुंठ्याचा नंबर आणि स्टेपचा नंबर दिला की रँडम नंबर मिळतो, मागची अवस्था साठवायला मेमरी लागत नाही. आणि एफपीजीएवर तर सेल्युलर ऑटोमाटाच वापरा. नियम ९० आणि नियम १५० (एका ओळीच्या ऑटोमाटाच्या नियमांना असे नंबर असतात) यांचं मिश्रण करून एका ओळीचा ऑटोमाटन लवकर परत तीच न येणारी बिटांची लांबच लांब माळ देतो, आयआयटी खरगपूरच्या पी. पाल चौधुरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चिपांच्या आत स्वतःचीच टेस्टिंग करण्यासाठी यावर वर्षानुवर्षं काम केलं. तारा सगळ्या शेजारच्या शेजारी, लांबची वायर नाही, म्हणून चिपवर सोपं.

हॅशलाईफचं विचारणारे असतातच. लाईफ गेम पळवायचा गॉस्परचा १९८४ चा अल्गोरिदम, एकदा बघितलेला तुकडा परत दिसला तर उत्तर थेट वहीतनं. लाईफसारख्या ठराविक नियमांवर तो असल्या सगळ्या हार्डवेअरला धूळ चारतो, पण आमच्यात नाणं उडवलंय, तोच तुकडा दोनदा आला तरी उत्तर तेच येत नाही. उपयोग शून्य.

आता अडलंय कुठं तर पतंगात. अळी शेजारच्या झाडावर जाईल, ठीक, पण बोंडअळीचा पतंग उडतो, आणि भावाच्या म्हणण्यानं कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग कुठल्या शेतातले ते काही शेजारधर्म पाळत नाहीत. म्हणजे दर स्टेपला थोडे गुंठे कुठं तरी लांब उडी मारणार. वर जे जे सांगितलं ना, टाईल, ओळींचा बफर, टप्पे, ते सगळं शेजारी जवळ आहे यावरच उभं आहे, उडी आली की जीपीयू मेमरीत इकडं तिकडं धावायला लागतो आणि एफपीजीएची रांग तर तुटतेच. भाऊ म्हणला मग नियम बदला, शेजार मोठा करा, आठऐवजी शंभर-दोनशे गुंठे बघा. तसं केलं तर मोजणी वाढते आणि टाईलची कड पण तेवढीच जाड होते, मग वर सांगितलेला ४०० चा फायदा गेला.

सध्या असं करायलोय की दोन जाळ्या. बारीक जाळी गुंठ्यांची, तीत फक्त शेजार. वरची ढोबळ, ६४ बाय ६४ ची, तिची एक चौकट म्हणजे खालचे ४०९६ गुंठे, १०२ एकर. दर काही स्टेपला प्रत्येक ढोबळ चौकटीत लागण झालेले गुंठे किती ते मोजायचे, त्या मोजणीवरनं पतंग ढोबळ जाळीत उडवायचे, आणि खाली येताना त्या १०२ एकरात कुठंही टाकायचे. ढोबळ जाळी एवढी लहान आहे की ती सीपीयूवर चालली काय आणि कार्डावर चालली काय, फरक पडत नाही, आणि बारीक जाळीला तिची शिस्त मोडावी लागत नाही. मोजणी किती स्टेपला करायची यावर आमचं एकमत नाही, तो म्हणतो रोज रात्री, कारण पतंग रात्री उडतो, मी म्हणतो स्टेप म्हणजे एक दिवस हे आधी ठरलंय का. त्यानं कापसाचा नकाशा अजून पाठवलेला नाही, सगळीकडं कापूस धरूनच चाललंय, तो आला की मधे सोयाबीन आणि तुरीचे पट्टे पडतील आणि हे आकडे परत काढावे लागतील.